किरकोळ शत्रूंचे काय झाले?

चित्रकलेच्या मास्तराला शाळेत कोणी फारसे मोजीत नाही. त्याचा तास म्हणजे दोन कठीण तासांमधली विश्रांती. यात एक लाभ मात्र आहे. जे प्रश्न मुले गणिताच्या किंवा इंग्रजीच्या सरांपुढे काढायला धजत नाहीत, ते माझ्यापुढे बेधडक काढतात. आज मी ज्या विषयावर भांडायला उभा आहे, तोही आठवीतल्या एका मुलानेच माझ्या टेबलावर आणून ठेवला. एखाद्या मोठ्या टीकाकाराने तो काढला असता तर बहुधा मी पान उलटून पुढे गेलो असतो.

वर्गाला मी 'लढाई' हा विषय दिला होता. बहुतेकांनी प्रतापगड काढला. दोघांनी क्रिकेटचा सामना काढला आणि तीही लढाईच आहे असा वाद घातला. एकाने मात्र दूरदर्शन संचावर पाहिलेल्या इंग्रजी चित्रपटातला किल्ला काढला होता. मागे डोंगर, पुढे तट, तटाखाली मुंग्यांसारखे काळे सैन्य. डाव्या कोपऱ्यात दोन-चार जळती घरे आणि त्यांच्यापाशी कातडी पांघरलेली, दाढ्या वाढलेली माणसे. मी विचारले, "अरे, ही माणसं लढाईकडे पाठ करून का उभी?" तो म्हणाला, "सर, ती लढाईला आलीच नाहीत. आधी घरं जाळायला आली होती. मग कुठं गेली ते पिक्चरमध्ये दाखवलंच नाही. म्हणून इथंच उभी केली." मी मास्तरी सवयीने उत्तर दिले, "ती काही महत्त्वाची माणसं नाहीत. तू तटाचं शेडिंग पुरं कर."

तो मान खाली घालून गेला. रात्री जेवताना मला माझे उत्तर आठवले आणि घास घशात अडकला. मी मॅट्रिक होऊन चित्रकलेची पदविका घेतलेला माणूस. साहित्यशास्त्र मला कोणी शिकवलेले नाही. परंतु शाळा सुटल्यावर मी कादंबऱ्या लिहितो, आणि कादंबरीकाराने तरी हे उत्तर देता कामा नये, एवढे मला कळते. मुलाने विचारलेला प्रश्न कथेच्या मुळाशी जाणारा होता. मी त्याच्या हातात पेन्सिल देऊन त्याला वाटेला लावले.

प्रश्न ज्या कथेबद्दल होता ती जे. आर. आर. टोल्किन या इंग्रज प्राध्यापकाची. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे तिचे नाव. 1954 आणि 1955 या सालांत ती तीन खंडांत निघाली, आणि पीटर जॅक्सन यांनी तिच्यावर काढलेले तीन चित्रपट 2001, 2002 आणि 2003 साली आले. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते ग्रंथ इंग्रजीतच वाचले आहेत. दोन पावसाळे लागले. मुलाच्या प्रश्नानंतर ते पुन्हा उघडले आणि दुसऱ्या खंडातली किल्ल्याची लढाई परत वाचली. तेव्हा मला जे आढळले ते वाचकांपुढे ठेवतो.

सारुमान नावाचा जादूगार रोहन नावाच्या घोडेस्वारांच्या राज्यावर चालून जातो. त्याच्याकडे राक्षसी औलादीचे सैन्य आहेच, पण त्याने शेजारच्या डनलँडमधल्या डोंगरी लोकांनाही भडकावले आहे. हे लोक भाडोत्री नव्हेत, राक्षस तर नव्हेतच. त्यांची तक्रार जुनी आणि खरी आहे. पाचशे वर्षांपूर्वी गोंडोरच्या अधिपतींनी तो मुलूख एओर्ल नावाच्या वीराच्या घोडेस्वारांना बक्षीस देऊन टाकला आणि हे लोक डोंगरात रेटले गेले. हे सगळे कोण सांगतो? किल्ल्यातलाच एक वयस्क शिलेदार. खालून येणाऱ्या आरोळ्यांची भाषा त्याला समजते, कारण तीच भाषा एके काळी त्याच्या मुलखातल्या खोऱ्यांत बोलली जाई. शत्रूची भाषा समजणारा एक म्हातारा तटावर उभा करणे, ही माझ्या मते त्या सबंध लढाईतली सर्वांत मोठी गोष्ट आहे. तलवारी कोणीही चालवतो.

लढाई संपते. डोंगरी लोक शस्त्रे खाली ठेवून शरण येतात आणि थरथरत उभे राहतात, कारण रोहनचे लोक कैद्यांना जिवंत जाळतात असे सारुमानने त्यांच्या कानी भरवलेले असते. जाळणे राहिले बाजूलाच. त्यांना सांगितले जाते की, जे मोडलेत ते दुरुस्त करायला हात लावा, पुन्हा शस्त्र घेऊन नदीचा उतार ओलांडणार नाही अशी शपथ घ्या आणि घरी जा. ते थक्क होतात. बस, इतकेच. अर्ध्या पानाचे काम. पण त्या अर्ध्या पानात शत्रूच्या मनात एक खोटे होते ते उतरते, आणि तिसऱ्या खंडात नव्या राजाच्या दरबारी डनलँडचेही वकील येतात तेव्हा वाचकाला ते ओळखीचे वाटतात.

आता चित्रपट पाहा. सारुमान या लोकांपुढे भाषण करतो. तुमच्या जमिनी घोडेस्वारांनी घेतल्या, तुम्हाला खडकाळ डोंगरात हाकलले, असे त्यांना चेतवतो. ते रोहनची खेडी जाळतात. त्यानंतर किल्ल्यापुढे दहा हजारांचे सैन्य उभे राहते आणि त्यात हे लोक नाहीत! सगळे राक्षसच. डोंगरी लोक घरे जाळण्यापुरते आले, लढाईला आले नाहीत, मेले नाहीत, शरण गेले नाहीत, त्यांना शिक्षा झाली नाही आणि क्षमाही मिळाली नाही. त्यांची तक्रार खरी की खोटी, याचा निवाडाही कोणी केला नाही. खलनायकाच्या तोंडून ती एकदा ऐकवली आणि खलनायकाबरोबरच ती बुडाली.

पूर्वेकडच्या लोकांचीही तीच गत. दुसऱ्या चित्रपटात त्यांची शिस्तबद्ध पलटण काळ्या दरवाजातून आत शिरताना आपण पाहतो. चेहऱ्यावर कापड, हाती भाले, पावलाला पाऊल. इतके नटवून आत नेलेल्या या माणसांचे पुढे काय झाले? तिसऱ्या चित्रपटात त्याच दरवाजापुढे शेवटची लढाई होते, शत्रूचा मनोरा कोसळतो, जमीन दुभंगते. पण त्या पलटणीचे काय झाले हे सांगणारा एक प्रसंग नाही, एक वाक्य नाही. ग्रंथात आहे. तिथे ते टेकड्यांच्या सावलीत दबा धरून असतात. धनी पडल्यावर काही पळतात, काही दया मागतात, काही अखेरपर्यंत लढतात. राज्याभिषेकानंतर राजा शरण आलेल्यांना मोकळे सोडतो, दक्षिणेच्या लोकांशी तह करतो, आणि मॉर्डोरमध्ये राबणाऱ्या गुलामांना मुक्त करून तिथल्या सरोवराकाठची जमीन त्यांच्या मालकीची करून देतो.

इथे आमचे काही मित्र हसतील. त्यांचे आक्षेप मला पाठ आहेत. एकेक घेतो.

पहिला आक्षेप असा की, ही अद्भुत कथा आहे, बोलती झाडे आणि जादूच्या अंगठ्या जिथे चालतात तिथे पलटणींचा हिशेब कसला मागता? मी म्हणतो, तिथेच मागायचा! सामाजिक कादंबरीत पुण्याचे नाव आले की अर्धे पुणे वाचक आपल्या पदरचे आणतो. अद्भुत कथेतल्या जगाला मात्र लेखकाच्या शब्दापलीकडे दुसरा आधार नसतो. तिथला डोंगर लेखकाने सांगितला म्हणून आहे, आणि सांगायचे थांबला की नाही. अशा जगात माणसे आणून विसरणे म्हणजे त्यांना मारण्याहून वाईट. मेलेल्याचे निदान प्रेत तरी असते.

दुसरा आक्षेप वेळेचा. चित्रपटाला तीन तासांत सगळे बसवावे लागते, म्हणे. अहो, तिसरा चित्रपट दोनशे मिनिटांहून मोठा आहे. त्याचे निरोप समारंभ आटपता आटपत नाहीत अशी कुरकूर त्याच्या चाहत्यांनीच केली आहे. त्या निरोपांतून अर्धे मिनिट काढून एका डोंगऱ्याला मोडलेल्या भिंतीवर दगड चढवताना दाखवता आले नसते काय? वेळ नव्हता असे नाही, आठवण नव्हती. हे दिग्दर्शक अडाणी नव्हेत, म्हणून तर मला अधिक वाईट वाटते. ग्रंथात सॅम नावाचा साधा माळी दक्षिणेकडचा एक शिपाई मरून पडलेला पाहतो आणि मनाशी म्हणतो की, याचे नाव काय असेल, हा खरोखर दुष्ट होता की कोणाच्या थापांनी-धमक्यांनी इतक्या दूर आला? चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत हाच विचार फारामीर या सरदाराच्या तोंडी घातला आहे. म्हणजे प्रश्न त्यांना ठाऊक होता. एका मेलेल्या शिपायापाशी तो सुचला आणि जिवंत पलटणीपाशी सुचला नाही.

तिसरा आक्षेप कलावंतांचा. सगळे सांगून टाकू नये, काही अव्यक्त ठेवावे, त्यात गोडी असते. कबूल! पण अव्यक्त ठेवणे निराळे आणि विसरणे निराळे. त्याचेही उदाहरण टोल्किनमध्येच आहे. त्याच्या कथेत एंट नावाचे वृक्षासारखे प्राचीन जीव आहेत. त्यांच्या स्त्रिया फार पूर्वी कोठे तरी निघून गेल्या. कोठे, ते ग्रंथ शेवटपर्यंत सांगत नाही. परंतु वृद्ध एंट भेटेल त्याला विचारतो, तुमच्या मुलखात त्या दिसल्या का? हे खरे अव्यक्त. ताट वाढलेले आहे, पाट मांडलेला आहे, माणूस आलेले नाही आणि घर वाट पाहते आहे. विसरलेल्या माणसासाठी पाटच मांडलेला नसतो. म्हणून माझी कसोटी सोपी आहे. जे कथेत नाही त्याची कथेतल्या कोणाला तरी आठवण आहे काय? असेल तर ती कला, नसेल तर तो गलथानपणा.

या कसोटीला स्वतः टोल्किनही पुरता उतरत नाही, हे मी लपवणार नाही. मिनास तिरिथपुढच्या मोठ्या रणात तो खांड नावाच्या देशाचे शिपाई उतरवतो. व्हॅरियाग हे त्यांचे नाव. नकाशाच्या कडेला खांड आहे आणि मजकुरात त्याचा उल्लेख बोटांवर मोजण्याइतका. ते दिसतात कसे, बोलतात काय, कशासाठी आले, काही नाही. राजा पुढे ज्यांच्याशी तह करतो आणि ज्यांना सोडून देतो त्या यादीतही खांडचे नाव नाही. त्याच वाक्यात दूरच्या दक्षिणेतले काळे लोक येतात, आणि त्यांना दिलेली उपमा माणसाला माणूस म्हणून ओळखणारी नाही, अर्धराक्षसाची आहे. ज्याने सॅमला त्या मेलेल्या शिपायापाशी थांबवले त्याच हाताने हेही लिहिले. मोठ्या लेखकाचा हातसुद्धा नकाशाच्या कडेला गेला की सैल पडतो, हा यातला धडा. आपण तर लहान.

चौथा आक्षेप मात्र मला झोंबला, कारण तो एका साहित्यिक मित्राने माझ्या धंद्यावरून काढला. "कादंबरी म्हणजे तुमचा हजेरीपट नव्हे, मास्तर!" मी त्यांना विचारतो, हजेरीपट तुम्ही कधी पाहिला आहे काय? मी जिथे नोकरीची पहिली वर्षे काढली तिथे दिवाळीच्या सुटीनंतर वर्गातली अर्धी बाके रिकामी असत. आईबाप ऊसतोडीला कारखान्याकडे गेलेले, पोरे बैलगाडीत त्यांच्याबरोबर. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रोज गैरहजेरीची खूण होई. बाहेरच्या माणसाला ती रुक्ष वाटेल. पण ती खूण याचा अर्थ, हे मूल इथले आहे आणि आज इथे नाही. जोवर खूण होते तोवर कोणी तरी विचारू शकतो की, ते कोठे गेले? नावच पटावरून उडाले की प्रश्नही उडाला. कादंबरी हजेरीपट नसेल, पण हजेरीपटाइतकी माणुसकी तरी तिने राखावी.

आणि ही मागणी काही साहेबाकडून आणलेली नाही. आपल्या महाभारताएवढा जोखणारा ग्रंथ दुसरा नाही. अठरा अक्षौहिणी सैन्य एका मैदानात उतरवले, पण न आलेल्यांचाही हिशेब ठेवला. बलराम का नाही? तो तीर्थयात्रेला गेला. रुक्मी का नाही? तो सैन्य घेऊन आला होता, पण त्याची बढाई ऐकून पांडवांनी त्याला नको म्हटले आणि कौरवांनीही नको म्हटले. बापडा आल्या वाटेने परतला. कथेत त्याचे काही अडले नव्हते, तरी व्यासांनी त्याला दारापर्यंत पोचवले. आणि युद्धानंतर स्त्रीपर्वात धृतराष्ट्र विचारतो तेव्हा युधिष्ठिर मेलेल्यांचा आकडा तर सांगतोच, पण ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांचाही निराळा सांगतो. ज्यांना आप्त उरले नाहीत त्यांचेही अंत्यसंस्कार करण्याची आज्ञा तो देतो. त्यात शत्रूपक्षाचे होतेच. ज्यांच्या घरी हा ग्रंथ आहे, त्या आम्ही लेखकांनी 'किरकोळ शत्रू' असा शब्द तरी उच्चारावा काय?

आता मी इतका तावातावाने का बोलतो, ते सांगतो. 1916 साली टोल्किन तरुण अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत होता. त्याचे जिवलग मित्र त्या युद्धात गेले. त्याच साली, एप्रिलच्या 29 तारखेला, मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे वेढ्यात उपासमार सोसून इंग्रजांचे सैन्य तुर्कांना शरण गेले. तेरा हजारांच्या आसपास माणसे कैद झाली आणि त्यांत बहुसंख्य हिंदी होती. त्या तुकडीचे नावच मुळी सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. पुढे वाळवंटातून चालवत नेताना आणि कैदेत पुष्कळ मेले. माझे पणजोबा 'बसऱ्याला गेले' एवढेच आमच्या घरात सांगतात. परत आले नाहीत, पत्र नाही. पणजीने अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही, कारण पुसा असे सांगणारा कागद आला नाही. गावच्या चावडीच्या भिंतीत एक दगड आहे. त्यावर इंग्रजीत कोरले आहे की, या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले आणि पैकी इतके कामी आले. आकडा आहे, नाव एकही नाही.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही असेच आहे. गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, परंतु साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार आकडे कोरले गेले. अशा युद्धसमाध्या सांभाळणाऱ्या आयोगाने 2021 साली अहवाल काढून क्षमा मागितली आणि कबूल केले की, साम्राज्यासाठी मेलेल्या किमान 1,16,000 माणसांची, आणि कदाचित 3,50,000 पर्यंतही, नावाने नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन अशी ती माणसे. तुर्कांच्या दृष्टीने माझे पणजोबा कोण? परक्या राजासाठी दुरून आलेल्या सैन्याच्या कडेचा एक शिपाई. म्हणजे सॅमला दिसलेला तोच. त्याचे नाव काय, तो कोणाच्या सांगण्यावरून आला, हे विचारणारा एखादा माळी त्याला भेटला असेल काय? मला ठाऊक नाही. पण किरकोळ शत्रू कोठे गेले, हा प्रश्न मला पोरकट वाटत नाही तो यामुळे. आमच्या घरात तो चार पिढ्या विचारला गेला आहे.

कोणी म्हणेल, खऱ्या माणसांचे दुःख आणि कल्पित पलटणी यांची सरमिसळ कशाला? कारण विसरण्याची सवय एकच असते. गोष्ट सांगताना जो कडेची माणसे मोजीत नाही, तो दगड कोरतानाही मोजीत नाही. मुलांना आपण ज्या कथा देतो त्यांतून त्यांना कळते की, कोणाबद्दल विचारावे आणि कोणाबद्दल विचारू नये. माझ्या विद्यार्थ्याने नेमके विचारू नये तेच विचारले, आणि मी त्याला तटाच्या शेडिंगकडे वळवले.

शेवटी माझा कबुलीजबाब. माझ्या एका ऐतिहासिक कादंबरीत, चौथ्या प्रकरणात, मी सिद्दीच्या बाजूने आलेले दोनशे हबशी शिपाई एका खाडीच्या मुखाशी उतरवले आहेत. त्यांच्या मशाली, त्यांच्या होड्या, त्यांचा अनोळखी भाषेतला खालचा आवाज, सगळे मोठ्या हौसेने रंगवले. पुढे नायक किल्ल्यावर चढला, माझे लक्ष नायकाबरोबर वर गेले आणि ते दोनशे लोक खाडीच्या मुखाशी राहिले ते राहिलेच. मुद्रिते मी स्वतः तपासली होती. छापणाऱ्याला दिसले नाही, परीक्षण लिहिणाऱ्याला दिसले नाही, आणि एकाही वाचकाने पत्र पाठवले नाही. पुस्तक बरे खपले. मला त्याचे काहीच वाटले नव्हते. या पोराच्या चित्राने मला रात्री उठून ते पुस्तक काढायला लावले. पाहतो तो, ओहोटी लागलेली, मशाली पेटलेल्या, आणि ते माझ्या हुकमाची वाट पाहत उभे.

दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा मी त्यांचा निकाल लावीन. कसा, ते अजून ठरलेले नाही, पण अर्धे पान त्यांना देईन. माझ्या लेखकबंधूंनाही हेच सांगणे आहे. फार मागत नाही. शत्रूच्या प्रत्येक शिपायाचे चरित्र लिहा असे मी म्हणत नाही. ज्याला तुम्ही नाव दिलेत, पोशाख दिलात, तक्रार दिलीत आणि रणात आणलेत, त्याला घरी पोचवा किंवा पुरा. तेही जमत नसेल तर निदान कथेतल्या एखाद्या माणसाला विचारू द्या की, ते कोठे गेले? आणि सैन्यच नुसते शोभेला हवे असेल तर त्याला नाव देऊ नका, मुंग्या काढा.

त्या मुलाचे चित्र मी वर्गातल्या फळ्याशेजारी लावले आहे. तटाचे शेडिंग अपुरेच आहे. मी त्याला म्हटले, "राहू दे. ती कोपऱ्यातली माणसं मात्र नीट काढ, चेहरे दिसू देत." त्याने विचारले, "सर, पण ती पुढं कुठं गेली असं दाखवू?" मी म्हटले, "ते तू सांग." तो आठवडाभर विचार करीत होता. परवा पाहिले तर एका माणसाच्या हातातली मशाल खोडून त्याने तिथे दगड काढला आहे, आणि जळक्या घराची एक भिंत चढू लागली आहे. ग्रंथ त्याने वाचलेला नाही. मीही त्याला काही सांगितले नव्हते.